वाईट स्वप्न कोणाला सांगावे?

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी माझ्याकडे ‘शाळेची वाटचाल आणि शिक्षकांचे योगदान’ या विषयावर लेख मागितला होता. मी तो लिहावयास बसलोही होतो. पत्र्याच्या दोन खोल्या, कंदिलाच्या उजेडातील अभ्यासिका, दहावीची पहिली तुकडी, एवढे लिहून झाले आणि लेखणी अडली. त्याच आठवड्यात मला एक वाईट स्वप्न पडले होते. शिक्षकांच्या योगदानाविषयी जे जे वाक्य मी लिहू लागे, ते ते त्या स्वप्नापुढे मला खोटे वाटू लागे. शाळेची वाटचाल सांगणारे माझ्याहून जुने व जाणते सहकारी या अंकात आहेतच. म्हणून मी येथे त्या स्वप्नाविषयी लिहितो. इतिहासाच्या शिक्षकाने, आणि तेही बौद्ध म्हणविणाऱ्याने, स्वप्नावर लेख लिहावा हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

स्वप्न असे होते. सकाळची वेळ आहे, आठवीचा वर्ग आहे आणि मी हजेरी घेत आहे. एका नावापाशी ‘हजर सर’ येत नाही. मी पुन्हा पुकारतो. मुलगा वर्गाच्या दारातच उभा आहे. शर्टाची वरची दोन बटणे तुटलेली, कानापासून गालापर्यंत माती लागलेली. तो बोलत नाही, नुसता माझ्याकडे पाहतो. मग फळ्यापाशी काळा कोट घातलेले एक गृहस्थ दिसतात आणि अत्यंत सौजन्याने विचारतात, ‘गुरुजी, हा मुलगा आपल्या वर्गातला का?’ मी हजेरीपटात पाहतो. नाव आहे. अक्षरही माझेच आहे. आणि मी म्हणतो, ‘नाही.’ त्याबरोबर सारा वर्ग एका सुरात ‘हजर सर’ म्हणतो आणि मला जाग येते.

चार वाजून गेले होते. मी उठून पाणी प्यायलो. आवाजाने आई जागी झाली. तिचे वय आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, झोप सावध आहे. ‘काय झालं रे?’ ‘काही नाही, स्वप्न पडलं.’ ‘वाईट?’ ‘हो.’ त्यावर ती म्हणाली, ‘पहाटंचं हाये. कुणाला सांगू नको. सकाळी पाण्याला सांग.’

लहानपणी आमच्या गावी ती वाईट स्वप्न सीनेच्या पाण्याला सांगत असे. काठावर वाकून, ओठ हलवून, पण आवाज न काढता. आता आम्ही कॉलनीत राहतो, तेव्हा पाणी म्हणजे नळ, आणि तोही यायचा तेव्हा येणार. मी आईला हसलो नाही. पाण्याला सांगितल्याने स्वप्न वाहून जाते असे मला मुळीच वाटत नाही. परंतु ‘कुणाला सांगू नको’ म्हणणाऱ्या बाईलासुद्धा ते कोणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नव्हते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आपल्या घरांतून देव्हारे जाऊन साठ-पासष्ट वर्षे लोटली. बावीस प्रतिज्ञा आपल्या मुलांना तोंडपाठ आहेत. तरीही वाईट स्वप्न पडले की आपल्यातील शिकलेला माणूसही एकदम आजीच्या काळात जाऊन बसतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. पहाटेचे स्वप्न खरे होते. स्वप्नात लग्न दिसले की घरात मयत होते. मेलेला माणूस जेवायला मागत असेल तर त्याचे काही राहिले आहे. मग कोणी गुपचूप देवऋष्याकडे जाते, कोणी मुलाच्या दंडाला दोरा बांधते आणि वसतिगृहात सोडताना त्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते. (रेक्टरच्या नजरेतून तो सुटत नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.)

याहून थोडे निराळे, पण मूळ तेच असलेले एक उदाहरण सांगतो. आपला एक माजी विद्यार्थी चाकणच्या कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहे. त्याचे वडील वारल्यावर ते त्याच्या स्वप्नात येऊन पाणी मागू लागले. त्याने मला फोन केला. ‘सर, घरी परित्राण पाठ ठेवू का? भन्तेजींना बोलावतो.’ मी म्हणालो, पाठ जरूर ठेव, घरात चार माणसे शांत बसतील, चांगलेच आहे. पण स्वप्न बंद व्हावे म्हणून ठेवू नकोस. भगताला जे काम आपण सांगत होतो तेच भन्तेजींना सांगणार असू, तर आपण फक्त माणूस बदलला. तो म्हणाला, ‘मग स्वप्नाचं काय करू?’ मी विचारले, वडील दवाखान्यात होते तेव्हा तू कोठे होतास? पलीकडे तो बराच वेळ काही बोलला नाही. हे मी त्याला विचारले खरे, पण असा प्रश्न दुसऱ्याला विचारणे किती सोपे असते, हे पुढे मला कळावयाचे होते.

या बाबतीत आमच्या आजोबांची समज माझ्या एम.ए.हून मोठी होती असे मला वाटते. ते गावचे येसकर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला ते गेले नव्हते; पण पुढच्या वर्षी आमच्या राजवाड्यातील लोकांनी दीक्षा घेतली, घरातले टाक आणि मरीआईचा तांदळा टोपलीत घालून सीनेत सोडले, आणि आजोबांनी येसकराची घुंगराची काठी चावडीवर नेऊन ठेवली. वतन रद्द करणारा कायदा १९५८ साली आला. आजोबांनी त्याची वाट पाहिली नाही. त्यानंतर काही दिवसांनी आजीला स्वप्न पडू लागले. मरीआई केस मोकळे सोडून दारात उभी राही आणि तिच्या हातात ती घुंगराची काठी असे. आजी घाबरली. बायका म्हणू लागल्या, देवी कोपली, नारळ तरी फोडा. आजोबा निरक्षर होते. त्यांनी आजीला सारे स्वप्न पुन्हा पुन्हा सांगावयास लावले आणि मग म्हणाले, ‘मरीआईच्या हाती काठी कशाला असंल? काठी चावडीची. तुला देवीचं भ्या न्हाई, गावाचं भ्या हाये.’

खरेच तसे होते. गावाने भाकरी बंद केली होती, मजुरीला बोलावणे बंद होते, आणि त्या भीतीचा उच्चार दिवसा कोणी करीत नव्हते. नारळ फोडला गेला नाही. आजी तीन रात्री दिवा लावून बसून राहिली, चौथ्या रात्री झोपली. ही गोष्ट मी आजीच्याच तोंडून ऐकली आहे, आणि दर वेळी ‘चौथ्या रात्री झोपले’ म्हणताना ती हसत असे.

आजोबांना ठाऊक नव्हते, पण जे त्यांनी केले ते आपल्या परंपरेत फार पूर्वी एकदा घडलेले आहे. जातककथांमध्ये महासुपिन नावाचे जातक आहे. कोसलचा राजा पसेनदी एका रात्री सोळा स्वप्ने पाहतो आणि भयभीत होतो. पुरोहित सांगतात, राज्याला, जिवाला किंवा संपत्तीला धोका आहे. चव्हाट्याचव्हाट्यावर यज्ञ करावे लागतील. तयारी सुरू होते, जनावरे आणून बांधली जातात. तेव्हा राणी मल्लिका, जी माळ्याच्या घरची मुलगी होती, राजाला म्हणते की जेतवनात तथागत आहेत, आधी त्यांना तरी विचारा. राजा जातो. बुद्ध एकेक स्वप्न ऐकून घेतात आणि प्रत्येक वेळी म्हणतात, यापासून तुला भय नाही. हे अधर्माने वागणाऱ्या राजांच्या व लोकांच्या काळाचे चित्र आहे.

ती स्वप्ने वाचण्यासारखी आहेत. चार काळे बैल चार दिशांनी डुरकत येतात, लोक झुंज पाहावयास जमतात, आणि बैल न झुंजताच निघून जातात. अर्थ असा की ढग जमतील, गडगडतील आणि न बरसता जातील. (आमच्या दुष्काळी तालुक्यांतील मुलांना हे स्वप्न वर्गात सांगितले की अर्थ सांगावा लागत नाही.) राजवाड्याच्या दारात एक भरलेला रांजण आहे आणि भोवती रिकामे माठ आहेत. लोक पाणी आणून आणून भरलेल्या रांजणातच ओततात, तो वाहून जातो, आणि रिकाम्या माठांकडे कोणी पाहत नाही. एका घोड्याला दोन तोंडे आहेत, दोन्ही बाजूंनी त्याला चारा दिला जात आहे आणि तो दोन्ही तोंडांनी खात आहे. हा दोन्ही पक्षांकडून लाच घेणारा न्यायाधीश. भोपळे बुडतात आणि दगड तरंगतात.

जातककथा हा इतिहास नव्हे, हे मला मान्य आहे, आणि भविष्यकथनाचा जो भाग त्यात आहे तो मी तरी स्वीकारीत नाही. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, स्वप्नांचे फळ सांगून पोट भरणे हे हीन विद्यांमध्ये गणले आहे, हेही विसरता येत नाही. पण राजाच्या प्रश्नाकडे पाहा. तो विचारतो, ‘याने माझे काय होईल?’ आणि उत्तर मिळते ते राज्यकर्त्यांविषयी, न्यायाधीशांविषयी, रिकाम्या माठांविषयी. पुरोहितांनी राजाच्या भीतीला किंमत लावली. बुद्धाने त्या भीतीचे तोंड फिरवले. याच जातकातील पूर्वकथेत एक तरुण शिष्य आचार्याला विचारतो की एकाचा जीव घेऊन दुसऱ्याचे रक्षण होते असे आपल्या वेदांत कोठे आहे? आचार्य त्याला समजावतो की बाळा, यातून आपल्याला पुष्कळ धन मिळणार आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे उत्तर वाचून मला नेहमी हसू येते आणि मग येत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला स्वप्न हे साधन म्हणून वापरता येते का? येते. टिपू सुलतानाने आपली स्वप्ने स्वतःच्या हाताने फारसीत लिहून ठेवली होती. अशी सदतीस स्वप्ने असलेली त्याची वही १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागली आणि आज ती लंडनमध्ये आहे. त्यातून कोणी उद्याचे भविष्य काढू लागला तर आपण त्याला हसू. परंतु चहूकडून वेढलेल्या एका राज्यकर्त्याच्या मनात रात्री काय चालत असे, यासाठी त्याहून विश्वसनीय कागद मिळणे कठीण.

दुसरे उदाहरण जर्मनीचे आहे आणि ते मला अधिक अस्वस्थ करते. शार्लोट बेराट नावाच्या ज्यू पत्रकार स्त्रीने १९३३ नंतर बर्लिनमध्ये ओळखीपाळखीच्या माणसांना त्यांची स्वप्ने विचारावयास आरंभ केला. शिंपीण, शेजारी, डॉक्टर, दूधवाला. सुमारे तीनशे स्वप्ने तिने टिपली, ती लपवून, सांकेतिक शब्द वापरून देशाबाहेर धाडली, १९३९ मध्ये स्वतः देश सोडला आणि १९६६ मध्ये त्यांचे पुस्तक काढले. त्यातील पहिलेच स्वप्न एका कारखानदाराचे आहे. हिटलर सत्तेवर येऊन तीनच दिवस झाले होते. स्वप्नात गोबेल्स कारखान्यात येतो आणि या साठीच्या गृहस्थाला आपल्याच कामगारांसमोर हात वर करून सलामी द्यावी लागते. हात वर जात नाही. तो इंच इंच उचलावयास अर्धा तास लागतो. हात पूर्ण वर गेल्यावर गोबेल्स म्हणतो, मला तुमची सलामी नको, आणि निघून जातो.

त्या माणसावर दिवसा अजून कोणी काहीच सक्ती केली नव्हती. तरी आपण हात वर करू, हे त्याच्यातील कोणाला तरी आधीच समजले होते. म्हणून मी असे मानतो की वाईट स्वप्न पुढे काय होणार हे सांगत नाही. आपण कोणत्या गोष्टीला भितो आणि त्या भीतीपोटी काय केले किंवा काय करू, हे ते सांगते. साधन उत्तम आहे, फक्त त्याला प्रश्न नीट विचारला पाहिजे.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न फार हळुवारपणे विचारावा लागतो. आपल्या वसतिगृहात पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील ऊसतोड कामगारांची मुले पुष्कळ आहेत. दसरा उलटला की आई-बाप कोयता घेऊन निघतात आणि येथे मुलांच्या स्वप्नांचा हंगाम सुरू होतो. एका डिसेंबरात सहावीचा एक मुलगा पहाटे किंचाळून उठला. उसाची ट्रॉली उलटली आणि आई खाली सापडली, असे त्याने पाहिले होते. शेजारच्या खाटेवरील मुलाने लगेच निकाल दिला, ‘पहाटेचं आहे, खरं होतं.’ त्यावर सबंध खोली जागी झाली. रेक्टरांनी मला बोलावले. आम्ही मुकादमाला फोन लावला. पाच वाजले नव्हते, तरी टोळी फडात पोहोचून गाडी भरीत होती. मुकादमाने शिव्या घातल्या आणि मग आईला फोन दिला. ‘काय रं? काय झालं?’ मुलगा रडू लागला. ती म्हणाली, ‘मला बी तुजंच सपान पडलं व्हतं. जेवतो का न्हाई तू?’

त्या मुलाला मी स्वप्न खोटे असते असे सांगितले नाही. ट्रॉल्या उलटतात. त्याने मागल्या हंगामात कोपीवर असताना एक उलटलेली डोळ्यांनी पाहिली होती, हे त्याने नंतर सांगितले. त्याची भीती खोटी नव्हती. फक्त ती कोणी विचारली नव्हती. तेव्हापासून दर रविवारी हंगामातल्या पालकांना फोन लावून देण्याची व्यवस्था झाली, जी आजही चालू आहे. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की मूल वाईट स्वप्नाने उठले तर त्याला ‘कुणाला सांगू नको’ म्हणू नका. दोरा बांधू नका. सारे ऐकून घ्या, मग दोन दिवस त्याच्या दिवसाकडे पाहा. वर्गात कोणी मारते का, वाटेत कोणी अडवते का, घरात काय चालले आहे. उत्तर बहुधा दिवसातच सापडते.

आता माझे स्वप्न.

मिलिंदपञ्हात नागसेनाने स्वप्न पाहणाऱ्यांचे सहा प्रकार सांगितले आहेत. वात, पित्त, कफ यांमुळे पाहणारा वगैरे. त्यांत एक आहे, जे वारंवार करतो तेच स्वप्नात पाहणारा. त्या हिशेबाने माझ्या स्वप्नातील हजेरीपटाचा उलगडा सोपा आहे. या स्मरणिकेतील माजी विद्यार्थ्यांच्या यादीसाठी मी आठवडाभर जुन्या हजेरीपटांतून नावे उतरवीत होतो. पण मुलगा या शाळेचा नव्हता.

या संस्थेत येण्यापूर्वी मी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एका गावच्या हायस्कूलमध्ये होतो. १९९७ ची गोष्ट. संस्थेची ऑर्डर हातात होती, अप्रूव्हल यावयाचे होते. शिक्षकांत आपल्या समाजाचा मी एकटाच. आठवीत राजवाड्यातील एक मुलगा होता. त्याने सायकलच्या मडगार्डवर बाबासाहेबांचे चित्र चिकटवले होते. जयंतीनंतरच्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीपाशी गावातील चार-पाच तरुणांनी त्याला मारले. चित्र खरवडून काढले. शिक्षकांच्या खोलीची खिडकी त्या टाकीकडे उघडत असे. मी खिडकीत उभा होतो. मी पाहिले. बाहेर गेलो नाही.

मुलाची आई फौजदारी करते म्हणाली, तेव्हा शाळेत सर्वांचे लेखी जबाब घेण्यात आले. मी लिहिले, ‘सदर वेळी मी वर्गावर असल्याने घटना पाहिलेली नाही.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. इतरांनीही तसेच लिहिले. पण माझ्या कागदाची किंमत निराळी होती. ‘त्यांच्या समाजाचे सरसुद्धा पाहिले नाही म्हणतात,’ हे वाक्य गावभर फिरले आणि तक्रार तेथेच संपली. जूनमध्ये ती माउली दाखला न्यावयास आली. कारणाच्या रकान्यात ‘पालकाच्या विनंतीवरून’ असे लिहिले गेले. जाताना मला हात जोडून म्हणाली, ‘येते सर.’ ऑगस्टमध्ये माझे अप्रूव्हल आले.

हे सारे मी विसरलो होतो असे म्हणणे खरे होणार नाही. मी ते नीट गुंडाळून ठेवले होते. आपल्याच जिल्ह्यात खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाची हत्या झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. त्या वेळी निषेधाच्या सभेत मी भाषण केले. साक्षीदार विकले गेले, असे मी कडाडून म्हणालो. टाळ्या पडल्या. माझ्या तोंडून तो शब्द निघाला तेव्हा मला ती खिडकी आठवली नाही. त्या साक्षीदारांच्या मनात काय होते ते मला सांगता येणार नाही. पण मला कोणी विकत घेतले नव्हते. कोणी धमकीही दिली नव्हती. मी नुसता घाबरलो होतो, त्या कारखानदारासारखा, कोणी सांगण्याच्या आधीच.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडितांच्या व साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले आहे. संरक्षण, प्रवासखर्च, पुनर्वसन, असे बरेच काही त्यात आहे. ते प्रत्यक्षात उतरावे म्हणून भांडले पाहिजे, यात शंका नाही. पण साक्षीदार फितूर होतो तो न्यायालयाच्या पिंजऱ्यात पोहोचण्याच्या कितीतरी आधी. तो खिडकीत उभा असतानाच होतो. अप्रूव्हल, बदली, कर्ज, मुलीचे लग्न यांच्या हिशेबात तो होतो. आपण नोकरदार मंडळींनी, ज्यांना बाबासाहेबांच्या पुण्याईने खुर्ची मिळाली, खेड्यात राहिलेल्या आपल्या माणसांसाठी कितीदा खिडकी सोडून बाहेर पाऊल टाकले, याचा हिशेब जयंतीच्या भाषणांत येत नाही. माझा वर दिला आहे.

आपल्या शाळेत रोज सायंकाळी वंदनेनंतर मेत्ताभावना होते. अंगुत्तर निकायात मेत्तेचे अकरा लाभ सांगितले आहेत. माणूस सुखाने झोपतो, सुखाने जागा होतो, वाईट स्वप्ने पाहत नाही, हे त्यांतील पहिले तीन. वीस वर्षे मी मुलांपुढे हे सांगत आलो. त्या रात्रीनंतर मला ते सांगता येईना.

तेव्हा मी त्या मुलाचा शोध घेतला. फार कठीण गेले नाही. त्या गावचा एक माजी विद्यार्थी आता तेथेच सोसायटीत लेखनिक आहे, त्याच्याकडून क्रमांक मिळाला. तो मुलगा आता चाळिशीच्या पुढे गेला आहे. औद्योगिक वसाहतीत टेम्पो चालवतो. मी नाव सांगितल्यावर त्याला ओळखावयास क्षणही लागला नाही. मी म्हणालो, त्या दिवशी मी खिडकीत होतो, मी पाहिले होते, आणि मी खोटे लिहून दिले.

टेम्पोचे इंजिन चालू असल्याचा आवाज येत होता. त्याने ते बंद केले. मग म्हणाला, ‘मला माहीत होतं सर. मी तुमच्याकडंच बघत होतो.’

मी क्षमा मागितली. त्याने केली, असे तो म्हणाला नाही. मीही पुन्हा विचारले नाही. आई दोन हजार एकोणीसला गेली, हे त्याने सांगितले. ‘ती तुमचं नाव काढायची. आपले सर होते म्हणायची, त्यांची बी काही अडचण असंल.’ नंतर म्हणाला, ‘आता हे कोणाला सांगायचं सर? कुठं केस आहे आता?’ मी म्हणालो, आमच्या शाळेची स्मरणिका निघते आहे, तिच्यात मी लिहिणार आहे, तुमची हरकत नसेल तर. ‘माझं नाव नका टाकू,’ तो म्हणाला. ‘तुमचं टाका.’

त्याची मुलगी सातवीत आहे. वसतिगृहाचे अर्ज केव्हा निघतात, असे त्याने फोन ठेवता ठेवता विचारले. मेच्या पहिल्या आठवड्यात, मी सांगितले, आणि कोणती कागदपत्रे लागतात ती एकेक करून वाचून दाखविली.